मान न हलवता

"गोष्ट नका सांगू," तांबोळी मॅडम म्हणाल्या.

मी नुकतीच सुरुवात केली होती. ऊस दोन पुरुष उंच झाला होता, इथवर आलो होतो. या ठिकाणी ऐकणारा माणूस साधारणपणे चहाचा कप खाली ठेवतो. मॅडमनी हात वर केला.

"नका सांगू म्हणजे?"

"म्हणजे सगळं सविस्तर सांगायची गरज नाही. इथं त्याशिवाय काम होतं."

मला अपमान वाटला. गावातून मोटारसायकलवर आळेफाट्याला मनाच्या डॉक्टरकडे यायचं, बाकावर ताटकळायचं, आणि ज्यासाठी आलो ते सांगायचंच नाही. माझी ही गोष्ट ऐकायला शेजारच्या तालुक्यातून लोक जीप करून आले होते.

"मग मी आलो कशाला?" मी म्हणालो.

"ते तुम्हीच सांगा."

मी शेजारी बसलेल्या बायकोकडे, अलकाकडे बघितलं. बघितलं म्हणजे कमरेपासून सगळाच वळलो. माझ्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता. बिबट्या मानेला धरतो, म्हणून आमच्याकडे शेतात काम करणाऱ्यांना असे पट्टे वाटले होते. जाड पट्टा आणि त्यावर बाहेर टोकं काढलेले खिळे. लोक तो उसात शिरताना घालायचे आणि घरी आल्यावर खुंटीला अडकवायचे. मी फक्त अंघोळीला काढायचो. मेहुण्याच्या हळदीलाही तो घालूनच गेलो होतो. मेहुण्याने गळाभेट टाळली आणि वाकून नमस्कार केला.

"हे पोरीला घराबाहेर सोडत नायत," अलका मॅडमना म्हणाली. "त्यासाठी आलोय."

हे मात्र खरं होतं.

माझी मुलगी ऋतुजा तेव्हा सातवीत होती. खो-खोत तिला बाद करणं हे आमच्या भागातल्या शाळांचं एक दुखणंच होतं. तिचे क्रीडाशिक्षक ढमाले सर म्हणायचे, "हिच्या मागं लागलं की समोरच्यांचा वेळ संपतो, पण ही काय सापडत नाय." शाळेचं मैदान घरापासून हाकेच्या अंतरावर, पण मधली वाट उसाच्या कडेने जाते. मला बिबट्याने धरलं त्यानंतर मी तिचा खेळ बंद केला. शाळेत मोटारसायकलवर सोडायचो, मोटारसायकलवर आणायचो, आणि घरी आलो की दाराला कडी लावायचो.

ढमाले सर घरी आले होते. दिवाळीनंतरच्या सोमवारी जिल्ह्याच्या संघासाठी सराव शिबिर सुरू होणार होतं, रोज सकाळी, शाळेच्या मैदानावर. "दशरथराव, पोरगी सोमवारी आली नाय तर मला तिच्या जागी दुसरी घ्यावी लागंल," ते म्हणाले. मी म्हणालो, घ्या. ऋतुजा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने तो ठेवला आणि आत गेली. त्या दिवशी सर गेल्यावर अलकाने मला सांगितलं की एक तर मी डॉक्टरकडे जायचं, नाहीतर ती पोरीला घेऊन माहेरी जाणार. तिच्या माहेरी ऊस नाही, सगळा कांदा आहे. मला नाही म्हणायला तोंड राहिलं नाही.

मॅडमनी मग थोडक्यात माहिती विचारली. झोप लागते का, दचकायला होतं का, मध्येच तो प्रसंग आत्ता चालू आहे असं वाटतं का. मी सगळ्याला हो म्हणालो. कुत्रं पाठमोरं दिसलं तरी मी वाट सोडून वळसा घ्यायचो. वाऱ्याने उसाची पानं सळसळली की मी आहे तिथे भिंतीला पाठ लावून उभा राहायचो. एकदा डेअरीत दूध घालताना कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवला आणि मी भरलेली किटली सेक्रेटरीच्या अंगावर फेकली. सेक्रेटरीने त्यातही फॅट कमी लागल्याचं सांगितलं.

"अंगावर बेतलेला प्रसंग कधीकधी डोक्यात कच्चाच पडून राहतो," मॅडम म्हणाल्या. "जुना होत नाही. तो मनात आणून डोळे असे एका लयीत इकडून तिकडे फिरवले की पुष्कळांच्या बाबतीत तो हळूहळू पचतो. असं का होतं, हे अजून नक्की कळलेलं नाही. पण गुण येतो, हे तपासून बघितलेलं आहे."

"म्हणजे रवंथ," मी म्हणालो. "जनावर आधी गिळतं, मग निवांत बसून चावतं."

मॅडमनी जरा विचार केला. "हो. तुम्ही गिळलंय. आता निवांत बसायचं."

त्यांनी एक शांत जागा मनात आणायला सांगितली, जिथे सुरक्षित वाटतं अशी. मी डेअरीतली दूध थंड करायची खोली सांगितली. मॅडम म्हणाल्या, लोक बहुधा नदीकाठ सांगतात. मी म्हणालो, त्या खोलीला लोखंडी दार आहे.

"आता त्या दिवसाचं एकच चित्र डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वाईट. त्या चित्रात स्वतःबद्दल काय वाटतं?"

इथे माझी पंचाईत झाली. गावाला जे माहीत होतं ते सगळं चौकातल्या फ्लेक्सवर होतं. गोरक्षशेठना त्या वर्षी निवडणुकीला उभं राहायचं होतं, म्हणून त्यांनी माझा शाल-नारळ देऊन सत्कार केला आणि फ्लेक्स लावला: 'बिबट्याशी झुंज देणारा आमचा ढाण्या वाघ दशरथ फापाळे.' एका बाजूला माझा फोटो, दुसऱ्या बाजूला शेठचा, माझ्यापेक्षा मोठा. मध्ये बिबट्याऐवजी वाघच छापला होता, कारण प्रेसवाल्याकडे बिबट्याचा फोटो नव्हता. वनखात्याच्या माणसाने ठसे बघून सांगितलं होतं की नुकतंच आईपासून सुटलेलं पिल्लू असणार. ते कोणी छापलं नाही. मग घरी माणसं येऊ लागली आणि मी सांगू लागलो. सांगता सांगता गोष्ट अंगाने भरत गेली. शेवटी शेवटी मी त्यात दोनदा पडत होतो आणि तीनदा उठत होतो.

खरं म्हणजे मला आठवत होतं ते फार थोडं. संध्याकाळी विहिरीवरची मोटर चालू होती. मी उसाच्या कडेला, बांधावर उकिडवा बसून गाईंसाठी घास कापत होतो. मागून वजन आलं. त्यानंतर एकदम अलका, हातात दुधाची किटली, आणि ती किटलीने हाणतेय. मधलं काहीच नव्हतं. त्या मधल्या जागेत मी नुसता पडून राहिलो असणार, याची मला खात्री होती. उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती, ती बिबट्याने चावली असं मी गोष्टीत घालून दिलं होतं.

अलका बाहेर जाईपर्यंत मी थांबलो.

"मी काहीच केलं नाय," मग मी म्हणालो. "नुसता पडून होतो. असं वाटतं."

मॅडमना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी ते लिहूनही घेतलं नाही. "आत्ता या चित्राचा त्रास किती? शून्य ते दहा."

"नऊ."

"बरं. आता माझ्या बोटांकडं बघा. मान हलवायची नाही, फक्त डोळे."

मान तशीही हलत नव्हती. मॅडमनी दोन बोटं माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे नेऊ लागल्या. मी बघत राहिलो. मनात म्हटलं, तालुक्यात माझा सत्कार झालाय आणि मी इथे बोटं बघतोय. मग त्या थांबल्या.

"श्वास घ्या. काय आलं?"

"वास आला. ओल्या पोत्यासारखा."

"त्याच्याबरोबरच राहा." आणि पुन्हा बोटं.

बाहेर आलो तर अलका दारातच उभी.

"काय केलं?"

"बोटं हलवली."

"आणि तुम्ही?"

"मी बघितलं."

"एवढंच? याच्यासाठी आळेफाट्याला कशाला यायचं? मी घरी हलवते."

आणि संध्याकाळी तिने भाकरी थापता थापता खरंच पिठाची बोटं माझ्यापुढे दोनदा फिरवली. "काय आलं?" तिने विचारलं. "भूक," मी म्हणालो. ऋतुजा खूप दिवसांनी हसली. मग मी दाराची कडी बघायला उठलो तशी ती गप्प झाली.

दिवाळी होईपर्यंत आम्ही दर शनिवारी जात राहिलो. वास, मग वजन, मग मानेवरचा ओला श्वास, असं एकेक येत गेलं आणि विरत गेलं. नवाचे सात झाले, सातावर बराच काळ अडकलं. कुत्र्यांचं बरं चाललं होतं. मी कुत्र्याकडे पाठ करून उभा राहू शकत होतो. पण ऋतुजाला उंबऱ्याबाहेर एकटं सोडायचं म्हटलं की सगळं पुन्हा नवावर जायचं. मला याचं कोडंच पडलं होतं. धरलं होतं मला, आणि जीव जात होता तिच्यासाठी.

शिबिराच्या आधीच्या शनिवारी मी मॅडमना तेच म्हणालो. "गुण तर येतोय, पण पोरीचं काय होत नाय. परवा सोमवार आहे."

"मग आज तिथूनच सुरू करू," मॅडम म्हणाल्या. "ऋतुजा घराबाहेर चाललीय. हे चित्र आणा. अंगात कुठं जाणवतं?"

मला वाटलं होतं मानेत. पण नाही. "हातात," मी म्हणालो. "उजव्या."

"त्या हाताकडं लक्ष ठेवा." बोटं सुरू झाली.

डावीकडे, उजवीकडे. माझी मूठ आपोआप वळली. मोडून जुळलेली दोन बोटं नीट वळायची नाहीत, ती ठणकू लागली.

"काय आलं?"

"हातात कायतरी आहे. गरम. सैल कातडं असतं ना वासराच्या मानेला, तसं."

"पुढं बघा."

डावीकडे, उजवीकडे.

"ते ओढतंय."

"कोण ओढतंय?"

"बिबट्या. त्याला जायचंय." मी हे म्हणालो आणि माझं मलाच नवल वाटलं. "मॅडम, त्याला जायचंय. मीच त्याला सोडत नाय."

मॅडमनी एवढंच म्हटलं, "त्याच्याबरोबर राहा," आणि बोटांचा वेग जरासुद्धा बदलला नाही. याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. दुसरं कोणीही असतं तर म्हणालं असतं, काय सांगता!

डावीकडे, उजवीकडे. मग मला बांध दिसला. बांधावर कापलेल्या घासाचा भारा होता. भाऱ्यापाशी शाळेचे कपडे होते, लाल रिबिनी होत्या, आणि दोन वेण्यांमध्ये ऋतुजाचा चेहरा होता. ती घास न्यायला माझ्याबरोबर आली होती. बिबट्यापासून पाच-सहा पावलांवर उभी होती. बिबट्याचं तोंड तिच्याकडे होतं, सुटला असता तर तिच्याच अंगावर गेला असता.

मी रडलो. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत रडलो. पट्ट्यात पाणी जाऊन मान खाजायला लागली, तेव्हा मी तो सोडून टेबलावर ठेवला. मॅडमनी टेबलावरचे कागद आधी बाजूला घेतले. नंतर कितीतरी वेळ त्या बोटं फिरवत आणि मधूनमधून थांबत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं की त्या चित्रात आता स्वतःबद्दल काय वाटतं.

"धरून ठेवलं होतं," मी म्हणालो.

"कितपत खरं वाटतं?"

"बायकोला विचारावं लागंल."

अलका बाहेर बाकावर बसून कोथिंबीर निवडत होती. बाजारातून घेतलेली जुडी तिने तिथेच उघडली होती. माझ्या उघड्या गळ्याकडे तिने बघितलं.

"माझी बोटं कोणी मोडली?" मी विचारलं.

ती कोथिंबिरीत बघत राहिली. "मी."

"किटलीनं?"

"मंग काय करायचं? ते बिचारं पिल्लू सुटायला तडफडत व्हतं, चारी पायांनी तुम्हाला ओरबाडत व्हतं, आन् तुम्ही त्याचं मानगूट सोडंनात. आधी त्याला हाणली. मंग तुमच्या हातावर हाणली. तवा कुठं ते सुटून पळालं."

"आन् हे तू मला सांगितलं नाय."

"चौकात एवढा फ्लेक्स लागल्यावर सांगू, का बायकोनं बोटं मोडली म्हणून?"

मी तिच्या शेजारी बसलो. "ऋतू व्हती तिथं."

आता तिने मान वर केली. "तुम्हीच तर दवाखान्यात त्या वनखात्याच्या माणसाला सांगितलं, पोरगी नव्हती, मी एकटाच व्हतो. दोनदा सांगितलं. मला वाटलं, पोरीचं नाव यात येऊ नये असं तुमच्या मनात असंल. लोकं येतील, तिला बी विचारत बसतील. म्हणून मी बी गप्प बसले. तिला बी गप्प बस म्हणाले."

मला ते सांगितल्याचं अजिबात आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. बहुधा तेव्हाही मी तिला त्या बांधावरून बाजूलाच करत होतो.

घरी आलो, कडी काढली आणि ऋतुजा भूगोलाची वही घेऊन ओट्यावर येऊन बसली. दार बाहेरून आम्हीच लावून गेलो होतो. ते उघडल्यावरही ती ओट्यापर्यंतच आली, पुढे नाही. मी तिच्याजवळ बसलो.

"ऋतू, त्या दिवशी तू व्हती ना तिथं?"

तिने आईकडे बघितलं. "सांग," अलका म्हणाली.

"होते."

"मला आठवत नव्हतं गं. आज आठवलं."

ती वहीचा कोपरा दुमडत राहिली.

"इतकी लोकं आली, मी इतक्या वेळा सांगितलं. तू एकदा तरी बोलायचं."

"मी चहा देत होते," ती म्हणाली. "तुम्ही सांगताना माझं नावच घ्यायचे नाय. मला वाटलं, तुम्हाला राग आलाय."

"कसला राग?"

"मी पळाले म्हणून." तिने वही मिटली. "तुम्हाला तसंच टाकून पळाले. म्हणून मग तुम्ही माझं पळणंच बंद केलं."

इतके दिवस मी तिच्या दाराला कडी लावत होतो आणि आत बसून तिने त्याचा हा अर्थ लावला होता.

"तू कुठं पळाली व्हती?" मी कसंबसं विचारलं.

"गोठ्यात. आईला आणायला."

मी अलकाकडे बघितलं.

"नायतर मला कसं कळणार?" अलका म्हणाली. "मोटर चालू व्हती. तुम्ही बोंबललात तरी ऐकू येत नव्हतं. ही धावत आली, चप्पल नाय, काय नाय. 'पप्पांना वाघानं धरलं' एवढंच म्हणली आन् माझ्याही पुढं परत पळाली. मी गाईखालून उठून हिच्या मागं. ही एवढी पळाली नसती तर..."

"तुम्हीच म्हणाला होता," ऋतुजा म्हणाली. "तो तुमच्या अंगावर होता ना, तेव्हा. माझे पायच हलत नव्हते. तुम्ही ओरडलात, पळ, मी याला धरलंय, तू पळ. मग हलले."

मी तिला जवळ घेतलं. बऱ्याच दिवसांनी घेतलं, कारण गळ्यात पट्टा असताना ते जमत नव्हतं. मी तिला स्पष्ट सांगितलं की तू पळालीस म्हणून मी जिवंत आहे. एकदा सांगून तिला पटलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी ती रडली आणि मला समाधान वाटलं. मॅडमना मी हे फोनवर कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, पुढच्या शनिवारी तिलाही घेऊन या. नेलं. पुढे बरेच शनिवार नेलं.

गोरक्षशेठ निवडणूक हरले आणि फ्लेक्स कोणीतरी शेतातल्या कांद्याच्या ढिगावर, आरणीवर, झाकण म्हणून टाकायला नेला. ही गोष्ट ऐकायला अजूनही अधूनमधून एखादा येतो. मी त्याला ऋतुजाचा नंबर देतो. ती आता पुण्याला असते आणि फोन उचलत नाही.

पण तो सोमवार सांगायचा राहिला. सकाळी ती तयार होऊन ओट्यावर आली. अंगात शाळेची जर्सी, वेण्या वर बांधलेल्या. उसावर दव होतं आणि वारा सुटला होता, त्यामुळे सगळी पानं हलत होती. मोटारसायकलची किल्ली माझ्या हातातच होती. मॅडमनी त्या वेळी आकडा विचारला असता तर मी पाच सांगितला असता, आणि त्यातही एक चोरला असता.

ऋतुजाने किल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही सोडताय का?" तिने विचारलं.

"नाय," मी म्हणालो. "पळ."